जन्मास घालण्याची जबाबदारी

डेन्मार्कची राजधानी कोपनहेगन. तेथील प्राणिसंग्रहालयांत ता. ९ फेब्रुवारी २०१४ रोजीं मारियस नांवाच्या एका जिराफास गोळी घालून ठार मारण्यांत आलें. त्यास कोणताहि रोग नव्हता. वय अवघें दीड-दोन वर्षांचें. नंतर प्रेक्षकांसमक्ष त्याचें शवविच्छेदन झालें, आणि त्या प्रेक्षकांत लहान मुलेंहि होतीं. मांसाचा कांहीं भाग सिंहांस घालण्यांत आला. त्यास वांचवावें म्हणून २०,००० हून अधिक लोकांनीं विनंतीअर्जावर सह्या केल्या होत्या. त्या व्यर्थ गेल्या.

हें ऐकून आपणांस संताप येईल. तो स्वाभाविक आहे. परंतु संताप म्हणजे न्याय नव्हे. म्हणून दुसऱ्या पक्षाचें म्हणणें आधीं ऐकूं या.

युरोपांतील संग्रहालयें आपल्या प्राण्यांच्या वंशावळी एकत्र ठेवतात. बंदिस्त कळप लहान असतो. त्यांत एकाच रक्ताचीं जनावरें वाढलीं तर पुढील पिढ्या दुर्बळ होतात. मारियसच्या रक्ताचे जिराफ आधींच पुष्कळ होते. इंग्लंडांतील यॉर्कशायरच्या एका वन्यप्राणि-उद्यानानें त्यास ठेवून घेण्याची तयारी दाखविली. परंतु तेथें त्याचा भाऊच होता, व ती जागा वंशदृष्ट्या अधिक मोलाच्या जिराफासाठीं राखणें इष्ट, असें उत्तर मिळालें. मग संतति होऊंच कां दिली? तर गर्भनिरोधक औषधांचे दुष्परिणाम होतात. शिवाय पिलें वाढविणें हा प्राण्याच्या नैसर्गिक जीवनाचा मोठा भाग आहे, तो हिरावून घेऊं नये. जंगलांत तरी सारींच पिलें कोठें जगतात?

हा युक्तिवाद पोकळ नाहीं. त्यांनीं जें केलें तें उघडपणें केलें, हेंहि त्यांच्या बाजूस लिहिलें पाहिजे. शिवाय रोज डुकराचें मांस खाणाऱ्यानें एका जिराफासाठीं अश्रु ढाळावेत, यांतील विसंगति कोण नाकारील?

तथापि जंगलाचा दाखला येथें लागूं पडत नाहीं. जंगलांतील पिलास पळावयास पाय आहेत व लपावयास झाडी आहे. सिंहानें त्यास कसलेंहि अभय दिलेलें नसतें. पिंजऱ्यांतील पिलापाशीं अन्न देणाऱ्या हातावरील विश्वासाखेरीज दुसरें कांहींच नसतें. मारियससमोर त्याच्या आवडीचा, राय नांवाच्या धान्याचा पाव धरण्यांत आला, आणि तो खाण्यासाठीं वांकला असतां त्यास गोळी घातली. त्यास वेदना झाली नसेल. परंतु विश्वासाचा उपयोग कशासाठीं झाला, हा प्रश्न उरतोच.

आतां याहून कठीण उदाहरण घेऊं. जर्मनींतील न्यूरेंबर्ग येथें सुमारें २५ बबून माकडांसाठीं बांधलेल्या जागेंत त्यांची संख्या ४० च्या वर गेली. गर्भनिरोधाचे उपाय करून पाहिले, कांहीं माकडें परक्या संग्रहालयांस दिलीं. तरी आपसांतील मारामाऱ्या थांबेनात. अखेर जुलै २०२५ मध्यें १२ माकडें मारण्यांत आलीं. जर्मनीच्या कायद्यानें प्राणी मारण्यास वाजवी कारण लागतें, आणि जागेची टंचाई हेंच तें कारण, असें सांगण्यांत आलें. परंतु श्रोतेहो, भिंत आपण बांधली, कळप आपण आणला, प्रेक्षकांची वर्गणी आपण घेतली. मग भिंतीच्या आंतील टंचाई ही दैवी आपत्ति कशी? स्वतः निर्माण केलेली अडचण दुसऱ्याच्या मृत्यूचें कारण म्हणून पुढें करतां येत नाहीं.

आपल्या देशांत प्राणिसंग्रहालयांविषयींचे २००९ चे नियम आहेत. फार वेगानें वाढणाऱ्या प्राण्यांच्या बाबतींत नर-मादी वेगळे ठेवून अथवा शस्त्रक्रियेनें संख्या आवरावी, अशी त्यांची आज्ञा आहे. हा मार्गहि निष्पाप आहे असें मी म्हणत नाहीं. जोडीदाराविना, पिलांविना काढलेलें आयुष्य कळपांत राहणाऱ्या प्राण्यास उणेंच. म्हणजे निवड दोन दुःखांतील आहे. एकांत जो जन्मलाच नाहीं त्याच्यावर अन्याय होत नाहीं, व जो आहे त्याचें सुख कांहींसें घटतें. दुसऱ्यांत जो जन्मला, वाढला, माणसाळला, त्याचें सर्वस्वच जातें. पिलाच्या जन्मानें मातेस सुख मिळालें, संग्रहालयास प्रेक्षक मिळाले. त्या सुखाची किंमत मात्र पिलानें एकट्यानें भरावी, हा व्यवहार मला सरळ वाटत नाहीं.

यास्तव प्रश्न बंदुकीपाशीं नव्हे, त्याच्या फार आधीं, नर-मादी एकत्र सोडण्याच्या दिवशीं विचारावयास हवा. हें पिलूं मोठें झाल्यावर राहील कोठें? ज्यापाशीं याचें उत्तर नाहीं, त्यानें पिंजऱ्याचें तें दार उघडूं नये. आणि उत्तर चुकलें, हिशेब फसला, तर चुकीचा भार ज्यानें हिशेब केला त्यानें वाहावा. कुंपण वाढवावें, खर्च सोसावा, नवे प्राणी आणणें थांबवावें. हे सारे उपाय थकल्यावरच मृत्यूचा विचार मनांत यावा, आणि तोहि नियम म्हणून नव्हे, स्वतःच्या अपयशाची कबुली म्हणून.

आपणहि सुटीच्या दिवशीं मुलांस घेऊन पिंजऱ्यापुढें उभे राहतों. नवें पिलूं पाहून मुलें टाळ्या पिटतात. त्या वेळीं रखवालदारास इतकेंच विचारावें: "हें मोठें झालें म्हणजे कोठें ठेवणार?"