धुण्याची घाई नको

नाशिकच्या थंडीत गच्चीवरच्या कुंड्यांत आणि घरामागच्या वाफ्यात मेथी, कोथिंबीर, मुळा, कांद्याची पात झकास येते. बागलाण-मालेगावकडे तर कोवळी मेथी आणि पात कच्चीच चिरून, दाण्याचं कूट, तिखट-मीठ आणि तेल घालून तिचा घोळाणा करतात. पण भाजी खुडली की पुष्कळ घरांत ती लगेच नळाखाली जाते आणि तशीच ओलसर, पिशवीत भरून फ्रीजमध्ये. दोन-तीन दिवसांत खालची पानं काळी पडतात, बोटाला चिकटतात, आणि दोष फ्रीजला दिला जातो. माझ्या मते दोष त्या घाईचा आहे. घरची पालेभाजी कोरडीच ठेवावी, आणि धुवावी ती खायच्या आधी.

खुडलेलं पान लगेच मरत नाही. ते श्वास घेतं, साठवलेली साखर जाळतं, ऊब सोडतं. तापमान दहा अंशांनी चढलं तर हा वेग साधारण दुप्पट-तिप्पट होतो, म्हणून दुपारी तापलेलं पान खुडण्यापेक्षा सकाळी, दव वाळल्यावर खुडलेलं जास्त टिकतं. पानाला दमट हवा हवी असते, अंगावर पाणी नको असतं. पाण्याच्या त्या पातळ थरात जिवाणू वाढतात आणि खुडताना झालेल्या जखमेतून आत शिरतात. नाशिकच्या बाजार समितीत कोथिंबिरीचा भाव शेकडा जुड्यांवर निघतो. तिथून घरापर्यंत येताना जुडीवर कितीदा पाणी मारलं जातं ते मंडईत उभं राहिलं की दिसतं. विक्रेत्याचा नाइलाज आहे, जुडी टवटवीत दिसायला हवी. आपल्या कुंडीतली भाजी मात्र कोरडी हाती येते. तिचा हा मोठा फायदा आपणच नळाखाली घालवतो.

तेव्हा आधी भाजी निवडावी. पिवळं, किडकं, चिरडलेलं पान काढावं, माती झटकावी, मुळं कापावीत, आणि सुती पंचात किंवा कागदात सैल गुंडाळून डब्यात ठेवावी. कापड ओलं झालं की बदलावं. शेजारी पिकलेला पेरू, केळी किंवा टोमॅटो नको. त्यांतून निघणाऱ्या इथिलीन वायूनं पानं लवकर पिवळी पडतात.

यावर कुणी म्हणेल, घरची भाजी, फवारणी नाही, मग धुवायची तरी कशाला? कीटकनाशक नसलं तरी शेणखत असतं, पाली-पाखरांची विष्ठा असते. कच्चं खायचं पान तर नीट धुतलंच पाहिजे. दुसरं कुणी मिठाच्या पाण्याचं नाव घेईल. मिठानं अळ्या, मावा सुटून येतो हे खरं, पण जंतू आणि जंतांची अंडी मरतात असा भरवसा धरू नये. काम करतं ते भरपूर पाणी आणि हात. मोठ्या परातीत पानं बुडवून हलवावीत, आणि पाणी ओतून न देता पानंच वर उचलून घ्यावीत. ओतलं तर तळाची वाळू पुन्हा पानांवर येते. तळ स्वच्छ दिसेपर्यंत पाणी बदलावं, मग रोळीत निथळावं. चिरायचं त्यानंतर, कारण चिरल्यावर धुतलं की क जीवनसत्त्व पाण्याबरोबर जातं.

नोकरी करणाऱ्यांची अडचण मात्र खरी आहे. रविवारी धुऊन ठेवलं तरच आठवड्यात भाजी होते. त्यांनी जरूर धुवावी, पण पंचावर पसरून पंख्याखाली पान न् पान कोरडं करावं, आणि दोन-तीन दिवसांत संपवावी. आणि परातीतलं ते पाणी मोरीत ओतू नका. त्यात मीठ नाही, त्याच कुंडीला घाला.