यादी दिल्लीची, दाखला इथला
(विहाराच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



आम्ही गिरणी कामगार. पाळी संपल्यावर जे वाचलं त्यावरच बोलणार. घटना म्हटली की आपण हक्क मोजतो, पण ते द्यायचा अधिकार दिल्लीचा की मुंबईचा, हे बघत नाही. सातव्या अनुसूचीत तीन याद्या आहेत : केंद्राची, राज्याची आणि दोघांची मिळून. रेल्वे, पोस्ट, संरक्षण केंद्राकडे. पोलीस, जमीन, नगरपालिका राज्याकडे. लोहगावचा विमानतळ दिल्लीचा, पण शेजारचं आपलं खराडी १९९७ साली पुणे महापालिकेत आलं ते राज्य सरकारच्या हुकमाने.

आता हे आपल्याला कसं भोवलं ते ऐका. अनुसूचित जातींची यादी १९५० साली राष्ट्रपतींच्या आदेशाने निघाली. त्यात अट होती, माणूस हिंदू पाहिजे. १९५६ मध्ये शीख घेतले. त्याच वर्षी १४ ऑक्टोबरला बाबासाहेबांनी नागपुरात धम्मदीक्षा दिली आणि आपण त्या यादीबाहेर गेलो. वस्ती तीच, पाणवठा तोच, यादीत मात्र नाव नाही. कलम ३४१ प्रमाणे यादीत फेरफार फक्त संसदेने करायचा. राज्याला त्यात एक शब्द घालता येत नाही.

१९६० साली महाराष्ट्र झाला. यशवंतराव चव्हाणांच्या सरकारने नवबौद्धांना राज्यापुरत्या सवलती दिल्या. आपल्या नोकऱ्यांत नि शिक्षणात मागासवर्ग कोण, हे ठरवायला राज्याला घटनेत वाव होता. मग व्हायचं असं, की एका घरातला थोरला भाऊ राज्याच्या कचेरीत राखीव जागेवर, अन् धाकटा रेल्वेत किंवा खडकीच्या दारूगोळा कारखान्यात अर्ज करील तर खुल्यात. विधानसभेचा राखीव मतदारसंघसुद्धा दिल्लीच्याच यादीवर, म्हणून बौद्ध म्हणून तिथे उभं राहता येईना. कित्येकांनी कागदावर जुनीच जात ठेवली. त्यांना नावं ठेवणारे पुष्कळ. आम्ही ठेवत नाही, पोटाचा प्रश्न होता.

१९६४ साली दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली भूमिहीनांचा सत्याग्रह झाला. त्याच्या मागण्यांत बौद्धांच्या सवलतीही होत्या, आणि ते निवेदन पंतप्रधान शास्त्रींना दिलं. कुलूप दिल्लीत होतं, तर किल्ली मुंबईत मागून काय उपयोग? ते उघडलं १९९० मध्ये, विश्वनाथ प्रताप सिंगांच्या वेळी. दीक्षेनंतर चौतीस वर्षांनी!

म्हणून केंद्र दुबळं करा म्हणाल, तर तेही आम्हाला पटत नाही. राज्यात मोठ्या संख्येची जात सत्तेवर बसते आणि लहानांना दाबते, हा इशारा बाबासाहेबांनी १९५५ मध्येच भाषावार राज्यांवर लिहिताना दिला होता. ॲट्रॉसिटीचा कायदा १९८९ साली संसदेनेच केला. आता त्याची फिर्याद लिहून घेणारा हवालदार राज्याचा, हा भाग वेगळा. त्याच्यापाशी हुज्जत घालताना कायद्याचं नाव आणि साल तोंडपाठ असावं.

तसंच दाखल्याचं. यादी संसदेची, पण दाखला देतो राज्याचा अधिकारी. केंद्राच्या नोकरीला केंद्राने ठरवलेल्या नमुन्यातलाच दाखला मागतात, आणि पोरांना हे शेवटच्या तारखेला कळतं. बारावी झालेल्यांनी आत्ताच दोन्ही काढून ठेवावेत. कागदपत्रं घेऊन रविवारी वंदनेनंतर विहारात या, अर्ज आम्ही बसून भरून देऊ.

जयभीम.