ई-मेलवरील नाव आणि ई-मेलची मोहोर



कार्यालयात टपाल आले की आवक लिपिक मजकूर वाचण्यापूर्वी जावक क्रमांक, दिनांक, सही आणि शिक्का पाहतो. पत्र कोणाकडून आले याची खात्री झाल्याखेरीज त्यावर कार्यवाही करू नये, हा दप्तराचा जुना शिरस्ता आहे. आज सभेच्या सूचना, शाळांची माहिती, निधीविषयीचे आदेश असा बराचसा पत्रव्यवहार ई-मेलने होतो. तेथे शिक्का डोळ्यांना दिसत नाही. मग पत्र खरे कोणाचे, हे कसे ठरवावे?

विश्वासावर उभारलेली व्यवस्था

ई-मेल पोहोचविण्याचे जे नियम आजही पायाभूत मानले जातात, ते जॉन पोस्टेल यांनी ऑगस्ट १९८२ मध्ये प्रसिद्ध केले. त्या काळी संगणकांच्या जाळ्यात मुख्यत्वे विद्यापीठे व संशोधनसंस्था होत्या. परस्परांवर विश्वास होता. त्यामुळे प्रेषकाच्या रकान्यात लिहिलेले नाव पडताळण्याची तरतूद त्या नियमांत नव्हती. लिफाफ्याच्या मागे कोणीही कोणाचेही नाव लिहावे, तसाच हा प्रकार होता. शिवाय ई-मेललाही लिफाफा आणि आतील पत्र अशी दोन अंगे असतात, आणि दोहोंवर प्रेषकाची निरनिराळी नावे असू शकतात. वाचणाऱ्यास दिसते ते केवळ आतील नाव. फसवणूक करणाऱ्यांनी नेमका याचाच लाभ उठविला.

पडताळणीचे तीन टप्पे

ही उणीव भरून काढण्यासाठी तीन पद्धती क्रमाक्रमाने रूढ झाल्या. तिन्हींचा आधार एकच आहे. पत्त्यातील ‘ॲट’ या चिन्हापुढील भागास डोमेन म्हणतात, आणि प्रत्येक डोमेनची माहिती ‘डीएनएस’ नावाच्या सार्वजनिक नोंदवहीत असते.

पहिली पद्धत ‘एसपीएफ’. हिचे नियम २००६ साली प्रसिद्ध झाले. आमचे टपाल अमुक संगणकांतूनच निघेल, अशी यादी संस्था त्या नोंदवहीत जाहीर करते. पत्र घेणारी यंत्रणा ते कोठून आले हे या यादीशी ताडून पाहते. परंतु ही तपासणी लिफाफ्यापुरतीच होते, आतील नावाची नव्हे. तसेच एखाद्याने पत्र आपोआप दुसऱ्या पत्त्यावर वळविण्याची सोय केली असेल, तर खरे पत्रही या तपासणीत अडू शकते.

दुसरी पद्धत ‘डीकेआयएम’. याहू आणि सिस्को या दोन कंपन्यांच्या स्वतंत्र प्रयत्नांच्या मिलाफातून ती २००७ साली आकारास आली. ही खरी मोहोर. मराठेशाहीतील पत्रांच्या अखेरीस मर्यादेची मुद्रा उमटवीत, जेणेकरून खाली कोणास एखादी ओळ घुसडता येऊ नये. येथे तेच कार्य गणित करते. पाठविणारी यंत्रणा मजकुराचा एक गणिती ठसा काढते आणि स्वतःजवळच्या गुप्त किल्लीने त्यावर सही करते. ती तपासण्याची दुसरी किल्ली सार्वजनिक नोंदवहीत सर्वांसाठी खुली असते. मजकुरातील एक आकडा जरी वाटेत बदलला, तरी ठसा जुळत नाही.

अर्थात किल्ली भक्कम हवी. २०१२ साली अमेरिकेतील एका गणितज्ञास गूगलकडून नोकरीविषयक ई-मेल आला. त्यावरील सहीची किल्ली अवघी ५१२ बिटांची आहे, हे त्याच्या ध्यानी आले. भाड्याने घेतलेल्या संगणकशक्तीच्या बळावर सुमारे तीन दिवसांत त्याने ती उलगडली आणि गूगलच्या एका संस्थापकाच्या नावाने दुसऱ्या संस्थापकास ई-मेल धाडला. त्यानंतर लवकरच गूगलने २०४८ बिटांची किल्ली वापरात आणली.

तिसरी पद्धत ‘डीमार्क’. २०१२ साली ती पुढे आली. वाचकास दिसणारे डोमेन आणि वरील दोहोंपैकी किमान एका पद्धतीने सिद्ध झालेले डोमेन यांचा मेळ बसतो की नाही, हे ती पाहते. मेळ न बसल्यास काय करावे, याची सूचनाही डोमेनधारकच देतो. पत्र तसेच जाऊ द्यावे, संशयित म्हणून बाजूस ठेवावे, अथवा नाकारावे, असे तीन पर्याय आहेत. आपल्या नावाने कोठून पत्रे निघत आहेत, याचे अहवालही त्यास मिळतात. अमेरिकेच्या केंद्र सरकारने ऑक्टोबर २०१७ मध्ये आपल्या नागरी खात्यांना एका वर्षात ‘नाकारावे’ हा पर्याय स्वीकारण्याचा आदेश दिला. फेब्रुवारी २०२४ पासून गूगल व याहू यांनी मोठ्या संख्येने ई-मेल पाठविणाऱ्यांस या तिन्ही पद्धती आवश्यक केल्या.

मोहोर काय सांगत नाही

आता मुख्य मुद्दा. ही पडताळणी पत्र कोणत्या घरातून निघाले एवढेच सांगते. लिहिणाऱ्याचा हेतू ती सांगत नाही. एखाद्या अक्षराचा फरक करून घेतलेले बनावट डोमेनही तिन्ही तपासण्यांत उत्तीर्ण होऊ शकते. चोरलेल्या परवलीच्या शब्दाने खऱ्या खात्यातून धाडलेले पत्रही उत्तीर्ण होते.

आपल्याशी निकटचा धोका आणखी एक आहे. अनेक ग्रामपंचायती व शाळा खाजगी कंपनीच्या विनामूल्य खात्यावरून पत्रव्यवहार करतात. तेथे मोहोर उमटते ती त्या कंपनीची, पंचायतीची नव्हे. गावाच्या नावात एखादा अंक घालून दुसऱ्या कोणी तसेच खाते उघडले, तर त्याचे पत्रही तपासणीत तितकेच खरे ठरते. म्हणून शासकीय कामकाज शासकीय डोमेनवरूनच व्हावे, हा आग्रह केवळ शिस्तीचा नाही. त्याखेरीज पडताळणीस अर्थच उरत नाही.

आपले कर्तव्य

प्रेषकाचे नाव न पाहता पूर्ण पत्ता, विशेषतः डोमेन, अक्षर न् अक्षर वाचावे. जीमेलवर ‘मूळ दाखवा’ हा पर्याय निवडल्यास तिन्ही तपासण्यांचा निकाल दिसतो. बँक खाते बदलल्याचे अथवा तातडीने रक्कम पाठविण्याचे पत्र आले, तर आपल्या नोंदवहीतील जुन्या दूरध्वनी क्रमांकावर विचारणा करावी, पत्रात दिलेल्या क्रमांकावर नव्हे. फसवणूक झालीच, तर १९३० या राष्ट्रीय मदत क्रमांकावर विनाविलंब कळवावे.

गावाचा निधी हा गावाच्या घामाचा पैसा आहे. यंत्राने मोहोर तपासावी आणि माणसाने मजकूर. ही दोन्ही कामे होतील, तेव्हाच शासनाच्या नावाने आलेल्या पत्रावर सामान्य नागरिक निःशंकपणे विश्वास ठेवू शकेल.