आठ किलोचा रोबोट आणि आपली शाळा

(मार्च १९९८ च्या दहावीच्या बॅचच्या रौप्यमहोत्सवी स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



आपल्यात डॉक्टर आहेत, पुण्या-हैदराबादला साहेब झालेले आहेत, दोघे तर थेट परदेशातून आलेत. माझं पुसद रस्त्यावर ट्रॅक्टर-ट्रॉली दुरुस्तीचं वर्कशॉप आहे, हे तुम्हाला ठाऊकच आहे. संयोजक म्हणाले, "तू त्या रोबोटबद्दल बोल." म्हणून उभा आहे. शेवटी एक मागणंही आहे, ते आधीच सांगून ठेवतो.

आपण दहावी झालो ते साल मोठं मजेचं होतं. आपल्या शाळा सोडल्याच्या दाखल्यावर जिल्हा अकोला आहे. १ जुलै १९९८ ला वाशीम वेगळा जिल्हा झाला. त्याच वर्षी पवईला आयआयटीचा 'टेकफेस्ट' सुरू झाला, जिथे पुढे रोबोटांच्या कुस्त्या गाजू लागल्या. आणि त्याच वर्षी इंग्लंडात बीबीसीवर 'रोबोट वॉर्स' हा कार्यक्रम आला. या खेळाची पहिली मोठी स्पर्धा १९९४ मध्ये अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्कोला मार्क थॉर्प यांनी भरवली होती. इंग्लंडातल्या जॉर्ज फ्रान्सिस यांच्या 'केऑस टू' या रोबोटाकडे ना करवत होती ना हातोडा. तो समोरच्याच्या खाली शिरायचा आणि हवेच्या दणक्याने त्याला उलटा करायचा. एकदा तर त्याने प्रतिस्पर्ध्याला रिंगणाच्या भिंतीबाहेर फेकलं. लागोपाठ दोन मालिका त्याने जिंकल्या.

हे सगळं मला गेल्या वर्षी कळलं, चार पोरांमुळे. तंत्रनिकेतनात शिकणारी तीन मुलं आणि एक मुलगी. एका दुपारी वहीत काढलेलं चित्र घेऊन आली. "काका, रोबोट बनवाचा हाय."

"कायले?"

"लढवाले."

चित्र पाहिलं तर मला ते ओळखीचं वाटलं. ट्रॉली उलटवायचा जॅक असतो ना, तसंच. मागे बिजागरी, खाली सिलेंडर, वर फळी. फरक एवढाच की ट्रॉलीचा जॅक तेलावर चालतो. तेल दाबलं जात नाही, म्हणून ते सावकाश, भरवशाने उचलतं. हवा दाबली जाते. दाबून टाकीत बसवली की ती सुटायची वाट पाहते, आणि सोडली की एकदम सुटते. आपल्या विज्ञानाच्या सरांनी सायकलच्या पंपाचं तोंड बोटाने दाबून दांडा खाली ढकलायला लावला होता, आठवतं? हात सोडला की दांडा परत वर. बॉईलचा नियम तो हाच. फ्लिपर म्हणजे तोच पंप, उलट्या दिशेने वापरलेला.

हिशोब सांगतो, कारण मजा हिशोबातच आहे. स्पर्धेतला गट ८ किलोचा होता. आम्ही ३२ मिलिमीटर व्यासाचा सिलेंडर घेतला. त्याच्या पिस्टनचं क्षेत्रफळ सुमारे ८ चौरस सेंटिमीटर. ट्रकच्या टायरमध्ये असतो तेवढा, ८ बारचा दाब दिला की जोर होतो सुमारे ६५ किलोचा. फळीची लांबी ३० सेंटिमीटर, सिलेंडर बिजागरीपासून १० वर. म्हणजे टोकाला तिसरा हिस्सा जोर, २१ किलोच्या आसपास, पण वेग तिप्पट. आठ किलोच्या गड्याला उलटवायला तेवढं पुरतं.

पण पहिल्या चाचणीत फळी म्हातारीने उठावं तशी उठली. पोरं हिरमुसली. दाब बरोबर, जोर बरोबर, मग अडलं कुठे? आपल्याकडचा तुषार सिंचन करणारा कोणताही शेतकरी सांगेल: पाइप बारीक. हवेची नळी आतून ४ मिलिमीटरची होती, व्हॉल्व्हचं छिद्रही तसंच बारीक. टाकीत दाब भरपूर, पण सिलेंडरमध्ये शिरायला वाट नाही. आतून ८ मिलिमीटरची नळी घातली की वाट दुप्पट नव्हे, चौपट मोठी होते. मोठा सोलेनॉइड व्हॉल्व्ह लावला, टाकी आणि सिलेंडर यांतलं अंतर वितीएवढं केलं. दुसऱ्या चाचणीत फळीवर ठेवलेली वीट वर्कशॉपच्या पत्र्याला लागली. शेजारचा टायरवाला धावत आला, काय फुटलं म्हणून.

टाकीबद्दल थोडं गंभीरपणे बोलतो. ती मी वेल्ड करून दिली नाही. पोरांनी खूप गळ घातली, तरी नाही. हवेची टाकी फुटली की बॉम्बच. तयार, दाबाची खूण असलेली एक लिटरची टाकी मागवली आणि आधी पाणी भरून १२ बारपर्यंत तपासली. पाण्यानेच का, तर पाणी दाबलं जात नाही. टाकी फुटलीच तर फक्त गळते, तिचे तुकडे उडत नाहीत. सेफ्टी व्हॉल्व्ह, दाबाचं घड्याळ, हवा सोडायची चावी आणि फळी अडकवायची पिन हे सगळं सक्तीचं. मोठ्या रोबोटांत कार्बन डायऑक्साइडच्या बाटल्या वापरतात. तो वायू ३१ अंशांच्या वर द्रवरूपात राहतच नाही आणि बंद बाटलीतला दाब झपाट्याने चढतो. आपल्या मे महिन्यात ती बाटली मी तरी दुकानात ठेवणार नाही. आम्ही साध्या हवेवरच राहिलो.

त्याचीही किंमत आहे. एक लिटर हवेत पाच फटके मारले की दाब दोन-तृतीयांशाच्या जवळ येतो, दहा मारले की चाळीस टक्क्यांवर. म्हणून चालवणाऱ्याला हात आवरायला शिकावं लागतं. समोरचा नेमका फळीवर आला की मगच बटण.

चाकांच्या मोटारी आणि बॅटरी पुण्याहून आल्या. बिजागरीची पिन माझ्या लेथवर निघाली. पुढची पात ट्रॅक्टरच्या जुन्या लोखंडातून घासून केली. वजन किराणा दुकानाच्या काट्यावर केलं: ७ किलो ८५० ग्रॅम. स्पर्धा विदर्भातल्याच एका अभियांत्रिकी महाविद्यालयात होती. पहिल्या कुस्तीत आमच्या यंत्राने दुसऱ्याच मिनिटाला समोरच्याला उताणं केलं. दुसऱ्या कुस्तीत फिरत्या पात्याच्या रोबोटाने त्यालाच उलटं पाडलं. पोरांनी बटण दाबलं, फळीने जमिनीला रेटा दिला आणि यंत्र पुन्हा चाकांवर उभं. सगळा मांडव ओरडला. पुढच्या धडकेत पात्याने हवेची नळी कापली आणि आम्ही हरलो. परतताना गाडीत पोरं हरण्याबद्दल बोलत नव्हती. नळी आतून कशी न्यायची, यावर भांडत होती.

आता ज्यासाठी बोलतोय ते. यंत्रातलं सगळं वायरिंग त्या मुलीने केलं. चौघांत हात तिचाच सर्वांत स्थिर. पण तिच्या गावची शेवटची एस.टी. साडेसहाला. शिवाय हायवेवरचं वर्कशॉप, तिथे ड्रायव्हर, क्लीनर, आम्ही काळ्या हातांची माणसं. तिच्या वडिलांनी सरळ नाही म्हटलं. मग स्वतःच तीन रविवार येऊन माझ्या दुकानात बाकड्यावर बसले, सोयाबीनचं काम टाकून. चौथ्या रविवारी सोंगणी होती, ते आले नाहीत, तीही आली नाही. उरलेलं वायरिंग तिने फोनवरून सांगितलं आणि पोरांनी केलं.

त्या बापाला मी दोष देत नाही. पण मला विचाराल तर, असा बाप आपल्या मुलीला न विचारता पाठवील अशी गावात एकच जागा आहे. ती म्हणजे शाळा.

आपल्या बॅचच्या निधीतून शाळेला कमान बांधायची, असं ठरत आहे. कमानीला माझा विरोध नाही. नाव कोरलेलं पाहून मलाही बरं वाटेल. पण आधी जुन्या सायकल स्टँडच्या जागी एक शेड करू या. दोन मजबूत टेबलं, दोन व्हाइस, एक ड्रिल मशीन, छोटा कॉम्प्रेसर, सोल्डरिंगचा संच आणि कुलूप लावायचं कपाट. सरकारच्या अटल टिंकरिंग लॅब २०१६ पासून सुरू आहेत, त्यासाठीही शाळेने अर्ज करावाच. तोवर मुलांचे हात थांबायला नकोत. आठवड्यातून दोन संध्याकाळी मी येईन, लेथचं काम माझ्याकडून फुकट. तुमच्यापैकी जे इलेक्ट्रॉनिक्समध्ये आहेत त्यांनी महिन्यातून एकदा फोनवर मुलांचे प्रश्न घ्यावेत. शिक्षिका बाईंपैकी कोणी तिथे बसायला तयार झाल्या, तर मुलींचा प्रश्न उरणार नाही.

रोबोट आज बाहेर व्हरांड्यात ठेवला आहे. टाकी रिकामी आहे, फळीला पिन लावलेली आहे, तेव्हा निर्धास्त हात लावा. चौघंही आली आहेत. त्यांना विचारा, ती माझ्यापेक्षा चांगलं सांगतील. आणि जेवणाआधी शेडचा विषय मताला टाकावा, एवढीच अध्यक्षांना विनंती.