म्हातारपण आणि ऊन
(वर्धापनदिनी झालेले भाषण)



मिरच्या, पापड, कुरडया यांना ऊन दाखवायला आपण कधी विसरत नाही. घरच्या सासूबाईंना ऊन दाखविण्याची आठवण मात्र आपल्याला राहते का? माझा आजचा विषय एवढाच.

हाडे बळकट राहण्यास ‘ड’ जीवनसत्त्व लागते. मासे, अंड्याचा बलक यांतून ते थोडेफार मिळते. बाकीचे अंगावर ऊन पडले म्हणजे कातडीतच तयार होते. मग आपल्या उन्हाच्या देशात त्याची उणीव कशी? दिल्लीत पन्नाशीपुढच्या तेराशेंवर निरोगी स्त्रीपुरुषांची तपासणी झाली. 2011 साली तिचा अहवाल प्रसिद्ध झाला. शंभरांत एक्याण्णव जणांच्या रक्तात हे जीवनसत्त्व कमी निघाले!

आपल्या नाशिककडची गोष्ट याहून जुनी आहे. हचिसन आणि शहा या दोघांनी 1922 साली तिथल्या मुडदुसावर निबंध लिहिला. पडद्यात राहणाऱ्या सधन घरांत हा रोग आढळे. उन्हात राबणाऱ्या गरिबांची मुले, खाण्याचे हाल असूनही, त्यातून बरीचशी सुटत.

म्हातारपणाचा असाच एक पडदा आपण प्रेमाने ओढतो. जन्मभर शेतात राबलेली बाई थकली, की “आता आराम करा” म्हणून तिची खाट आतल्या खोलीत टाकतो. वयाबरोबर कातडीची ही शक्ती निम्म्याहून कमी होते, असे 1985 साली दिसून आले. म्हणजे ऊन अधिक हवे, तेव्हाच ते तुटते. मांड्या दुखतात, उंबरा चढवत नाही, तोल जातो. एखादीचे खुब्याचे हाड मोडते आणि ती अंथरुणालाच खिळते. आपण म्हणतो, “वयच झाले!”

कोवळे ऊन सुखाचे खरे, पण या कामी ते फारसे पडत नाही. आपली सावली आपल्या उंचीएवढी किंवा आखूड झाली, की ऊन उपयोगाचे समजावे. थंडीत ती वेळ दुपारी बाराच्या सुमारास येते, उन्हाळ्यात साडेनऊलाच. खानदेशच्या उन्हाळ्यात मात्र थोडाच वेळ बसवावे, भर दुपारी मुळीच नाही. हातपाय उघडे असावेत. काचेआडचे ऊन चालत नाही.

आमच्या सासूबाई थंडीत ओट्यावर उन्हात बसून भाजी निवडतात. ऊन मिळते, आणि चार माणसांशी बोलणेही होते.

शेजारणीने घेतली म्हणून औषधाची पुडी आपण घेऊ नये. प्रमाणाबाहेर गेल्यास मूत्रपिंडाला अपाय होतो. डॉक्टरांना विचारूनच घ्यावी.

शेवटी एक सूचना. थंडीतल्या आपल्या सभा दुपारी अंगणात भरवाव्यात, आणि प्रत्येकीने घरच्या किंवा शेजारच्या एका म्हाताऱ्या बाईला हाताला धरून आणावे.