वाचा-उपचार परिषदेची पूर्वतयारी
(न्यासाच्या रौप्यमहोत्सवानिमित्त हजीरा येथे दिलेले भाषण)



दुसऱ्याला बोलते करणे हा ज्यांचा व्यवसाय, त्यांनी स्वतः लांबण लावणे शोभणार नाही. म्हणून एकच विषय घेतो. आमच्या क्षेत्राच्या राष्ट्रीय परिषदेत निबंध वाचण्याची तयारी सध्या चालू आहे. ही तयारी म्हणजे काय, आणि तिच्याशी हजीऱ्याच्या मंडळींचा संबंध कोणता, एवढेच सांगावयाचे आहे.

आपल्या देशात वाचादोषांच्या शास्त्रशुद्ध उपचाराला फार जुना इतिहास नाही. म्हैसूरची अखिल भारतीय वाक् व श्रवण संस्था १९६५ साली निघाली. १९६७ साली इंडियन स्पीच अँड हिअरिंग असोसिएशन ही या क्षेत्रातील तज्ज्ञांची संघटना स्थापन झाली. मुंबईस वांद्र्याला अली यावर जंग राष्ट्रीय संस्था सुरू झाली ती १९८३ साली. संघटनेच्या वार्षिक परिषदेला ठिकठिकाणचे उपचारक जमतात, निबंध वाचतात आणि एकमेकांचे निष्कर्ष तपासून पाहतात. २०११ च्या जनगणनेत वाचेचे अपंगत्व असलेल्या सुमारे २० लाख आणि श्रवणाचे अपंगत्व असलेल्या सुमारे ५० लाख व्यक्तींची नोंद झाली. तज्ज्ञ मात्र बहुतांशी मोठ्या शहरांत. तेव्हा अशा परिषदेतून एका गावचा अनुभव दुसऱ्या गावच्या मुलापर्यंत पोहोचतो, हे तिचे खरे महत्त्व.

निबंध वाचावयास मिळतात मोजकी मिनिटे. त्याचा गोषवारा काही महिने आधी, ठरलेल्या शब्दांत बसवून पाठवावा लागतो. तक्ते करावयाचे, ध्वनिमुद्रणे निवडावयाची, घड्याळ समोर ठेवून वाचून पाहावयाचे. हे सगळे कष्टाचे असले तरी अवघड नाही. अवघड आहे ते निराळेच: ज्या मुलाबद्दल आपण बोलणार, त्याच्या बोलण्यात दोष आहे हे आपण कशावरून ठरविले?

हा प्रश्न हजीऱ्यात पावलोपावली उभा राहतो. १९८० नंतरच्या दशकात तापीच्या मुखाशी खताचा, वायूचा, अवजड यंत्रसामग्रीचा असे मोठे कारखाने उभे राहिले आणि देशभरची माणसे येथे आली. आपल्यापैकी कित्येक कुटुंबे सुरत-भुसावळ लोहमार्गाने खानदेशातून आलेली. घरात अहिराणी किंवा मराठी, अंगणात हिंदी, शाळेत गुजराती अथवा इंग्रजी, अशा चार वाटांनी शब्द मुलाच्या कानी पडतात. आता उच्चारांच्या चाचणीत आपण मुलाला डोळ्याचे चित्र दाखविले, आणि ते म्हणाले ‘डोया’. प्रमाण मराठीची यादी हाती असलेला परीक्षक तेथे ‘ळ’च्या जागी ‘य’ अशी चूक मांडील. परंतु अमळनेर-नंदुरबारकडची त्या मुलाची आजी ‘डोया’च म्हणते, आणि तिचे बोलणे साऱ्या गावाला समजते! शेजारच्या बाकावरील अस्सल सुरती मूल ‘साचुं’ म्हणावयाचे तेथे ‘हाचुं’ म्हणते, सुरतेला ‘हुरत’ म्हणते. गुजरातीत शिकणारे आपले मूल ‘चाक’ आणि ‘चार’ या दोन्ही शब्दांतला ‘च’ एकाच तऱ्हेने उच्चारते. यांपैकी एकही मूल रोगी नाही. ही बोलीची वळणे आहेत.

उलट सहा वर्षांचे मूल ‘काका’ला ‘ताता’ म्हणत असेल, घरी मराठीतही आणि शाळेत गुजरातीतही ‘क’च्या जागी ‘त’च येत असेल, तर तेथे थांबून पाहिले पाहिजे. मुलाच्या सर्व भाषांत जो दोष दिसतो तो बहुधा खरा दोष. एकाच भाषेत जो दिसतो तो पुष्कळदा अपरिचयाचा किंवा बोलीचा परिणाम. वयाचेही तसेच. तीन वर्षांचे मूल ‘राम’ऐवजी ‘लाम’ म्हणते, ते कौतुकाने ऐकावे. सातव्या-आठव्या वर्षीही तेच चालू असेल, तर कौतुक पुरे करून तपासणी करावी.

यात काय पणाला लागलेले असते ते सांगतो. चूक दोन्ही बाजूंनी होते. बोलीला दोष ठरविले की मूल वर्गात मान खाली घालून बसते, हळूहळू बोलणेच टाकते, आणि पुढे मंदबुद्धीत गणले जाते. दुसरीकडे, खऱ्या दोषाला “याचा बापही उशिराच बोलला” म्हणून सोडून दिले की हाती असलेली वर्षे निघून जातात. कानाच्या बाबतीत तर महिनेच मोजावे लागतात. जन्मल्यापासून १ महिन्याच्या आत श्रवणाची चाळणी, ३ महिन्यांपर्यंत निदान आणि ६ महिन्यांपर्यंत उपचाराला आरंभ, असा दंडक आज जगभरचे तज्ज्ञ सांगतात. ऐकू येत नसलेल्या मुलाला ‘हट्टी’ म्हणून रागावणारे घर हे दुष्ट घर नसते. त्याला वेळेवर कोणी सांगितलेले नसते, एवढेच. २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाडीत आणि शाळेत मुलांची तपासणी होते. तिचा लाभ न संकोचता घ्यावा.

म्हणून परिषदेची आमची तयारी तीन गोष्टींवर उभी आहे. पहिली, बोलण्याची चाचणी घेण्यापूर्वी प्रत्येक मुलाचे कान तपासणे. दुसरी, मुलाची तुलना त्याच्या आईबापांच्या आणि आजीच्या बोलण्याशी करणे. पुस्तकातील मराठीशी एकट्याच नव्हे. तिसरी, नोंदींचा प्रामाणिकपणा. आमच्या नोंदी थोड्या आहेत, तेव्हा त्या थोड्या म्हणूनच मांडावयाच्या. ज्या मुलाला उपचाराने गुण आला त्याच्याबरोबर ज्याला आला नाही त्याचीही हकीकत सांगावयाची. नाव, गाव, छायाचित्र यांतले काही बाहेर जाणार नाही. आवाज ऐकवावयाचा तर आईबापांची लेखी संमती हवीच, आणि समजण्याइतके मोठे मूल ‘नको’ म्हणाले तर तोही शब्द अखेरचा. मुलाची अडचण हे व्यासपीठावरचे प्रदर्शन नव्हे.

आता न्यासाकडे आणि आपणा सर्वांकडे आमचे मागणे. वह्या, प्रवासखर्च यांची तजवीज होईल. त्याहून मोलाची मदत आपल्या घरात आहे. वडीलधाऱ्या मंडळींनी, विशेषतः आज्यांनी, तासभर आमच्याजवळ बसावे आणि डोळा, केळी, शाळा, माळी हे रोजचे शब्द आपण आपल्या बोलीत कसे म्हणतो ते सांगावे. आम्ही ते मुद्रित करून घेऊ. ही यादी जवळ असली म्हणजे ‘डोया’ म्हणणाऱ्या मुलावर कोणी चुकीचा शिक्का मारणार नाही. दुसरे, रस्त्यापासून दूर, दारे-खिडक्या घट्ट लागणारी एक खोली द्यावी. अवजड वाहनांच्या घरघरीत मुलाचे कान तपासता येत नाहीत. आणि तिसरे, आपल्या ओळखीत अडखळत बोलणारे कोणी असेल तर त्याचे वाक्य आपण पुरे करू नका. ते त्याला पुरे करू द्या. तोतरेपणा अडाणीपणाची खूण नाही. कित्येक लहान मुले काही काळ अडखळतात आणि त्यांतली बरीचशी आपोआप सावरतात. जी सावरत नाहीत त्यांना उपचाराइतकीच धीराने ऐकणाऱ्याची गरज असते.

परिषदेहून परत आल्यावर तेथे काय ऐकले, कोणी आमचे म्हणणे खोडून काढले आणि त्यातून हजीऱ्याच्या मुलांसाठी काय घेण्यासारखे आहे, याचा हिशेब याच सभागृहात आपणांपुढे मांडू. न्यासाने इतकी वर्षे पुष्कळांना औषध दिले, वह्या-पुस्तके दिली. येत्या वर्षांत काही मुलांना त्यांचा स्वतःचा शब्दही त्याच्या हातून मिळो, अशी शुभेच्छा व्यक्त करून आम्ही आपली रजा घेतो.