सभागृहही गातं तेव्हा



मैफलीच्या ध्वनिमुद्रणात टाळ्या किंवा बोलणं आलं की आपण ते पुढे ढकलतो. आज तसं करू नका, अशी माझी विनंती आहे. पीट सीगर हे अमेरिकन लोकगायक 8 जून 1963 रोजी न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये गायले. त्या कार्यक्रमाची 'वी शॅल ओव्हरकम' ही ध्वनिमुद्रिका त्याच वर्षी निघाली. ती ऐकताना कान गायकाइतकेच प्रेक्षागृहाकडे लावा.

मंचावर एकटे सीगर. कधी हातात बँजो, कधी बारा तारांची गिटार. गिटारच्या तारा जोडीजोडीने वाजतात, त्यामुळे तिचा झंकार भरदार. बँजोचं मात्र वेगळं. त्याचा नाद उमटतो आणि लगेच विरतो. आखूड पाचवी तार अंगठ्याखाली मधूनमधून टणटणत राहते. दोन आघातांमध्ये जागा मोकळी राहते आणि सीगरांची सगळी कला त्या मोकळ्या जागेत आहे.

शीर्षकगीत लावा. एक ओळ संपत आली, की सीगर पुढची ओळ बोलल्यासारखी भरभर सांगून टाकतात. ठेका जराही हलत नाही. लगेच सभागृह ती ओळ उचलतं. गर्दीतून वरचे-खालचे सूर आपसूक मिसळतात. सीगरांचा आवाज तयारीच्या गायकासारखा गोड नाही, आणि मला तेच योग्य वाटतं. त्या आवाजापुढे कुणालाही गायचा संकोच वाटत नाही.

हे गाणं कृष्णवर्णीयांच्या चर्चमधून तंबाखू कारखान्यांच्या संपात आलं आणि तिथून नागरी हक्कांच्या चळवळीत पोचलं. या कार्यक्रमाच्या महिनाभर आधीच अमेरिकेतल्या बर्मिंगहॅममध्ये या चळवळीच्या मोर्चातल्या शाळकरी मुलांवर पोलिसांनी कुत्रे सोडले होते, पाण्याचे जोरदार फवारे मारले होते. गाता गाता सीगर थांबतात आणि निर्भयतेचं कडवं मॉन्टगोमेरी शहरात रचलं गेल्याचं सांगतात. जुळवून घ्यायला शिकलेल्या थोरांना तिथल्या तरुणांनी धडा दिला, असंही म्हणतात. हे बोलणं गाळलंत तर पुढच्या कडव्याला सभागृहाचा आवाज का चढतो, ते कळणार नाही.

नंतर बॉब डिलनचं 'अ हार्ड रेन्स अ-गॉना फॉल' ऐका. गाणं तेव्हा नवंकोरं आणि लांबलचक. इथे सभागृह नुसतं ऐकतं, आणि ते ऐकणंही ध्वनिमुद्रणात जाणवतं. हीच माणसं एरवी गात असतात, म्हणून त्यांच्या गप्प बसण्याला वजन येतं.

1989 मध्ये हा कार्यक्रम दोन सीडींवर अधिक विस्ताराने आला. मिळाला तर तोच घ्या. शीर्षकगीताची चाल तर तुमच्या ओळखीचीच आहे. गिरिजाकुमार माथुरांचं 'हम होंगे कामयाब' आपण शाळेत याच चालीवर म्हटलं आहे. तेव्हा सीगर पुढची ओळ सांगतील, तिथे तुम्हीही आवाज लावा.